वर्दळीच्या रस्त्यावर वेगळा सायकल ट्रॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की दोन माणसं हमखास भेटतात. एक म्हणतो, "आमच्या वेळी अख्खं पुणं सायकलवर होतं. रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा, डबलसीट दिसलं की उतरवायचा." दुसरा म्हणतो, "बांधले होते की ट्रॅक. काय झालं त्यांचं?" दोघांचंही खरं आहे, म्हणून उत्तर लांबतं.

मी पेशाने सिव्हिल इंजिनिअर. रस्त्यांची ड्रॉइंग्ज काढण्यात बरीच वर्षं गेली आणि ऑफिसला मी सायकलनेच जाते, कर्वेनगर ते शिवाजीनगर. त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हेच प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतं. उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवते. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत, कारण इथले खड्डे मला नावानिशी माहीत आहेत.

वेगळा ट्रॅकच कशाला? रस्त्यावर पांढरा पट्टा मारून सायकलचं चित्र काढलं तर भागत नाही का?

गल्लीत भागतं, मोठ्या रस्त्यावर नाही. रंगाला उंची नसते. सकाळी पट्टा मारला की संध्याकाळी त्यावर रिक्षा उभी असते. रिक्षावाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कडेची मोकळी जागा म्हणजे थांबायची जागा असंच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. वेगळा ट्रॅक म्हणजे ज्याच्या आणि गाड्यांच्या मध्ये काहीतरी घट्ट उभं आहे असा मार्ग. कर्बस्टोन म्हणजे कडेचा उभा दगड असेल, झाडांची पट्टी असेल, कुंड्या असतील किंवा ट्रॅकच रस्त्यापेक्षा उचललेला असेल. आठवीतली मुलगी क्लासला एकटी जाऊ शकते का, एवढी एक कसोटी मी लावते. मी स्वतः कुठूनही जाते, पण सवय झालेल्या माणसाला कसोटी मानून रस्ते करायचे नसतात.

हे परदेशातून आणलेलं नवं खूळ आहे असंही कुणी समजू नये. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सायकल ट्रॅकचं मानक १९६२ मध्येच काढलं होतं आणि २०१५ मध्ये ते सुधारलं.

पण पुण्यात आधी बांधलेले ट्रॅक का फसले?

या एका प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेली वेगळी मार्गिका, सुरू झाली. जेएनएनयूआरएम या शहरांसाठीच्या योजनेतून केंद्राचा पैसा आला आणि त्या काळात रुंद केलेल्या रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅकही आखले गेले. कागदावर किलोमीटर भरपूर जमले. सायकलवाला मात्र शेजारच्या रस्त्यावरूनच जात राहिला. ट्रॅकवर तो एकदा जाऊन आलेला होता, म्हणूनच.

लांबी मोजायला सोपी असते. बिल लांबीवर निघतं आणि उद्घाटनाच्या बातमीतही लांबीच छापून येते. सायकल अडते ती सांध्यांवर. ट्रॅक जिथे सुरू होतो, जिथे गेट येतं, जिथे बसस्टॉप येतो, जिथे चौक येतो, तिथे.

एक दोनशे मीटरचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. असे तुकडे मी पायी, टेप घेऊन मोजले आहेत. सुरुवातीलाच सहा इंची कर्ब आणि रॅम्प नाही, म्हणजे उतरून सायकल उचलायची. वीस मीटरवर सोसायटीचं गेट आलं की ट्रॅक खाली जातो आणि गेट ओलांडून परत वर येतो. दर गेटला हा झोका. मग दोन चेंबर, त्यांची झाकणं ब्लॉकपेक्षा दोन बोटं वर. पुढे ट्रॅकच्या बरोबर मध्ये महावितरणचा डीपी, म्हणजे विजेची पेटी, आणि तो हलवायचा खर्च कुणी करायचा हे ठरेपर्यंत कंत्राटदाराने दोन्ही बाजूंनी ब्लॉक लावून काम संपवलेलं. डीपीला वळसा घालायचा तर फुटपाथवर चढावं लागतं. त्यापुढे बसस्टॉपची शेड, तिचे पाय ट्रॅकमध्ये रोवलेले. आणि चौकाच्या तीस मीटर आधी, जिथे खरी भीती सुरू होते तिथेच, ट्रॅक विरघळून जातो.

मोजणीच्या वहीत हे २०० मीटर सायकल ट्रॅक. सायकलवाल्याच्या हिशेबात अडीचशे फूटही सलग नाहीत.

पृष्ठभागाचं वेगळंच दुखणं. पेव्हर ब्लॉक उकरून परत बसवता येतात म्हणून ते सगळ्या खात्यांना प्रिय. पण त्यांच्या सांध्यांवरून सायकल चालवली की हँडल अखंड थरथरतं, पंधरा मिनिटांत मनगटं बोलायला लागतात. शेजारी गुळगुळीत डांबर असताना ब्लॉकवरून कोण जाईल? ट्रॅक डांबराचा किंवा सलग काँक्रीटचा हवा. ब्लॉक फुटपाथला ठेवा.

आणि जाळ्या. एका पावसाळ्यात, रस्त्याचं नाव सांगत नाही, माझं पुढचं चाक चेंबरच्या जाळीच्या फटीत गेलं आणि मी हँडलवरून पुढे पडले. जुन्या काळ्या सायकलचा टायर जवळपास चार सेंटीमीटर रुंद, माझ्या सायकलचा त्याहून बारीक. जाळीच्या फटी जाण्याच्या दिशेला समांतर असल्या की चाक आत बसतं, आडव्या असल्या की वरून निघून जातं. तीच जाळी, तोच खर्च, फक्त नव्वद अंशात फिरवून बसवायची. मुकादमाला हे सांगितलं तर तो दोन मिनिटांत बदलतो. सांगायला जागेवर कुणी हवं.

गाड्यांनाच जागा पुरत नाही, सायकलला कुठून देणार?

शहराच्या विकास आराखड्यातला चोवीस मीटर रुंद रस्ता घ्या आणि हिशेब मांडा. दोन्हीकडे अडीच मीटरचा फुटपाथ, झाले ५ मीटर. दोन्हीकडे २ मीटरचा सायकल ट्रॅक, झाले ४. ट्रॅक आणि गाड्यांच्या मध्ये दोन्हीकडे एकेक मीटरची पट्टी, तिच्यात झाडं, दिव्याचे खांब आणि डीपी, झाले २. एक मीटरचा दुभाजक. उरले १२, म्हणजे प्रत्येक दिशेला ३ मीटरचे दोन पट्टे. बस ३ मीटरच्या पट्ट्यातून जाते.

बेरीज जमली, पण या चित्रात पार्किंग नाही. भांडण खरं तर तिथे आहे. आज अशा रस्त्यावर प्रत्येक दिशेला तीन पट्ट्यांएवढं डांबर असतं आणि त्यातला एक पट्टा दिवसभर उभ्या गाड्यांखाली असतो. वाहत्या गाड्या आजही दोनच पट्ट्यांतून जातात. ट्रॅकची जागा निघते ती उभ्या गाड्यांतून. बैठकीत हे पहिल्याच वाक्यात सांगावं असं माझं मत आहे. गोल गोल बोललं की लोकांना वाटतं काहीतरी लपवलं जातंय, आणि ते बरोबरच असतं.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाहनांना नाही तर माणसांना वाटून द्यायची असं म्हटलेलं आहे. धोरण जुनं झालं, अंमल अजून व्हायचा आहे.

दोन मीटर का, असंही विचारतात. सायकलवाला रेघेवरून जात नाही, तो थोडा डुलतो, त्यामुळे त्याला एक मीटर लागतो. मागून येणाऱ्याला पुढे जायला आणखी एक. दीड मीटरचा ट्रॅक केला की दुधाचे कॅन लावलेल्या सायकलमागे सगळी रांग लागते आणि घाई असलेला परत रस्त्यावर उतरतो.

ट्रॅक रिकामाच तर दिसतो. मग जागा वाया नाही का गेली?

डोळा फसतो. तासाला ६०० सायकली जातात असं धरा, म्हणजे दर सहा सेकंदांना एक. ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने शंभर मीटर काटायला २४ सेकंद लागतात. म्हणजे तुम्ही कधीही बघितलंत तरी त्या शंभर मीटरमध्ये चारच सायकली दिसणार. शेजारी तुंबलेल्या दोन पट्ट्यांत तेवढ्याच लांबीत तीसेक मोटारी उभ्या असतात, आणि त्या उभ्या असतात म्हणूनच भरगच्च दिसतात. वाहता नळ आणि तुंबलेली मोरी यांत पाणी कुठे जास्त दिसतं?

अर्थात काही ट्रॅक खरोखर रिकामे असतात. तो कुठून कुठे जोडला आहे ते बघा. शाळा, मंडई, स्टेशन, कंपनी यांपैकी काहीही न जोडणारा तुकडा रिकामाच राहणार.

स्कूटर चालेल का?

कुठली स्कूटर, यावर आहे.

पेट्रोलची किंवा नंबरप्लेटवाली इलेक्ट्रिक स्कूटर: नाही. मोटार वाहनाने फुटपाथवर किंवा इतरांसाठी राखलेल्या ट्रॅकवर जायचं नाही, हे १९८९ च्या रस्ता वापराच्या नियमांपासूनच लिहिलेलं आहे.

२५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीची गाडी केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटार वाहनच मानली जात नाही. तिला ना लायसन्स लागतं, ना नोंदणी. युलूसारख्या भाड्याच्या गाड्या याच वर्गातल्या, आणि घरोघरी डबे-किराणा पोचवणारी पुष्कळ मुलं त्यांवर असतात. माझ्या मते त्यांना ट्रॅकवर जागा द्यावी. पंचविशीतली हलकी गाडी मोठ्या रस्त्यावर डंपरच्या शेजारी असण्यापेक्षा सायकलच्या मागे असलेली बरी. मात्र मग ट्रॅक अडीच मीटरचा करा, कारण त्या वेगात त्या सायकलला ओलांडणारच.

उभं राहून चालवायच्या छोट्या ई-स्कूटर आपल्याकडे अजून मॉलच्या आवारातच जास्त दिसतात. पॅरिसमध्ये भाड्याच्या अशा स्कूटर फुटपाथवर इतक्या पसरल्या की एप्रिल २०२३ मध्ये लोकांचं मत घेतलं गेलं. मतदान आठ टक्क्यांच्याही आत, पण दिलेल्या मतांत ८९ टक्के विरोधात. सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. त्यातून घ्यायचं ते इतकंच की अशा गाड्या कुठे उभ्या करायच्या हे त्या आणण्याआधी ठरवावं. २०१७-१८ मध्ये पुण्यात भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा आपणही त्या झाडाखाली, नाल्यात आणि जिन्यांखाली पाहिल्याच.

खांब लावून ॲक्टिव्हा अडवता येत नाहीत का?

येत नाहीत, आणि हे गणित एकदा समजून घेण्यासारखं आहे. ॲक्टिव्हाची रुंदी सुमारे ७० सेंटीमीटर. हल्लीच्या माउंटन बाइकचं हँडल तितकंच, कधी त्याहूनही रुंद. म्हणजे सायकल जाईल आणि स्कूटर अडेल अशी फट जगात नाही. फट आवळत गेलात तर आधी अडतात व्हीलचेअर, तीनचाकी सायकल आणि पाव-बिस्किटांचा पेटारा लावलेला सायकलवाला.

खांब रिक्षा आणि मोटारी अडवायला असतात. रिक्षा सुमारे १.३ मीटर रुंद, म्हणून दोन खांबांत १.२ मीटरची फट ठेवायची. मी एका ठिकाणी दीड मीटरची फट पाहिली आहे. तिथे रिक्षा स्टँड झाला होता, सावलीही होती, अगदी सोयीचं.

दुचाकी ट्रॅकवर शिरते ती रस्ता तुंबला की, आणि तीही चौकातूनच. तिथे पहिले दोन-तीन महिने रोज संध्याकाळी वॉर्डन उभा करावा लागतो. याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही. वॉर्डनचे पैसे टेंडरमध्ये धरलेले नसतात, हे दुखणं आहे.

चौकात सायकलवाल्याने काय करायचं?

दोन चौकांच्या मधला ट्रॅक कुणीही काढून देतो, खरी कसरत इथे असते.

आपण डावीकडून चालतो. त्यामुळे सरळ जाणाऱ्या सायकलचा वैरी म्हणजे तिच्या उजव्या हाताने येऊन डावीकडे वळणारी गाडी. बस किंवा डंपर असेल तर चालकाला ती सायकल दिसतच नाही. त्यात आपला लाडका फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची सोय. वळण इतकं मोठ्या गोलाईचं केलेलं असतं की गाडी ब्रेक न लावता चाळिसाच्या वेगाने वळते, आणि तिथेच झेब्रावर आजी उभ्या असतात.

उपाय तीन-चार आहेत, सगळे मिळून करायचे. कोपऱ्याची गोलाई कमी करायची, म्हणजे वळणाऱ्याला वेग उतरवावाच लागतो. फ्री लेफ्टची वेगळी फट बुजवून तिथे फुटपाथ पुढे आणायचा. ट्रॅक चौकात खाली न उतरवता उंचावरूनच पलीकडे न्यायचा, म्हणजे गाडीला स्पीड टेबलवर, सपाट माथ्याच्या रुंद गतिरोधकावर, चढून यावं लागतं. गाड्यांची स्टॉप लाइन मागे घेऊन सायकलला पुढे उभं राहायला चौकोन द्यायचा आणि तिला चार-पाच सेकंद आधी हिरवा द्यायचा. पाय टेकून उभा असलेला माणूस एवढ्यात पॅडल मारून चालकाच्या नजरेसमोर येतो.

उजवीकडे वळणं आणखी अवघड. तीन पट्टे कापत दुभाजकाकडे जाण्यापेक्षा दोन टप्प्यांत वळायचं. आधी सरळ पलीकडे जायचं, तिथे थांबायचं, दुसऱ्या हिरव्यावर उजवीकडे. गर्दीच्या चौकात आपले जुने सायकलवाले असंच करत आले आहेत. ड्रॉइंगमध्ये फक्त त्यांना उभं राहायला जागा काढायची.

सोसायटीच्या गेटलाही हाच नियम. ट्रॅक आणि फुटपाथ सपाट राहतील, गाडी चढेल आणि उतरेल. यावर सोसायट्यांचे चेअरमन चिडतात. गाडी खालून घासेल म्हणतात. रॅम्प नीट उताराचा असेल तर घासत नाही. कंत्राटदार तो अर्ध्या लांबीत उरकतो म्हणून घासते.

बसस्टॉपवर ट्रॅक आणि प्रवासी यांची टक्कर होणार नाही?

ट्रॅक बसस्टॉपच्या मागून न्यायचा. म्हणजे रस्त्यालगत प्रवाशांचा ओटा, त्यामागून ट्रॅक, त्यामागे फुटपाथ. ओटा निदान दोन मीटर रुंद हवा, नाहीतर गर्दीच्या वेळी लोक ट्रॅकवरच बसची वाट बघतात. फुटपाथवरून ओट्याकडे जायला ट्रॅकवर झेब्रा आणि तिथे ट्रॅक थोडा उचललेला, म्हणजे सायकलवाला हळू होतो.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगते. हे सगळं बस ओट्याला टेकून थांबली तरच चालतं. बस दोन मीटर अलीकडे रस्त्यातच थांबली तर अख्खी रांग डांबरावर उतरते आणि ओटा शोभेचा राहतो. ओट्यासमोर रिक्षा उभी राहू दिली नाही तर चालक बस टेकवतात.

दुकानांचा धंदा बसेल, त्याचं काय?

दुकानदारांशी बोलताना मी कधी "तुमचं नुकसान होणारच नाही" असं म्हणत नाही. हार्डवेअरवाल्याचं दुकान आणि चहाचं दुकान यांत फरक आहे. चहावाल्याकडे चालणारे लोक येतात, त्याचा धंदा रुंद फुटपाथवर वाढण्याचीच शक्यता जास्त. हार्डवेअरवाल्याकडे टेम्पो यायलाच हवा. त्याच्यासाठी दर शंभर-दीडशे मीटरवर माल उतरवायची खाच आणि ठरलेली वेळ, सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी, हे ड्रॉइंगमध्येच आलं पाहिजे. नाही आलं तर टेम्पो ट्रॅकवर चढणार.

गिऱ्हाइकांच्या गाड्यांबद्दल मात्र माझा एक अनुभव असा की सकाळी नऊ वाजता दुकानांसमोर ज्या गाड्या लागतात त्यांतल्या बऱ्याच खुद्द दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या असतात. एक मोटार साधारण साडेबारा चौरस मीटर जागा धरून बसते. तेवढ्यात चार-पाच दुचाकी मावतात, सायकली आठ-दहा. बाजूच्या गल्लीत दुचाकींची पार्किंग खाच केली तर समोरच्या शंभर पावलांसाठी कुणी तक्रार करत नाही. करतात, पण महिनाभरच.

हातगाड्यांचंही तेच. अतिक्रमण विभागाची गाडी आली की भाजीवाली ट्रॅकवर सरकते, गेली की परत फुटपाथवर. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात तिला जागा आखून द्यायची सोय आहे. झाडांच्या पट्टीत, दोन झाडांच्या मध्ये, तिची जागा आखली तर ती ट्रॅकवर येत नाही. शिवाय ती तिथे असली की रात्री आठनंतर बायका त्या रस्त्याने निर्धास्त जातात.

पावसाळ्यात ट्रॅकचा ओढा होतो.

होतो, कारण बहुतेक वेळा तो सगळ्यात खाली असतो. ट्रॅक रस्त्यापेक्षा सात-दहा सेंटीमीटर वर आणि फुटपाथपेक्षा थोडा खाली असावा. उतार शेकडा दोनचा, म्हणजे दोन मीटरच्या ट्रॅकला चार सेंटीमीटर. हे चार सेंटीमीटर लेव्हल ट्यूबने तपासल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल काढू नये.

पण उचललेल्या ट्रॅकचा एक धोका असतो. त्याचा कर्ब रस्त्याचं पाणी अडवतो. कर्बच्या पोटात ठरावीक अंतरावर तोंडं ठेवून ती पावसाळी गटाराला जोडली नाहीत तर रस्ता तुंबतो आणि शिव्या ट्रॅकला पडतात. पहिल्या मोठ्या पावसात जागेवर उभं राहून बघावं. मी छत्री धरून तासभर उभी राहिले आहे. ड्रॉइंगवर न दिसलेले दोन खोलगट भाग तेव्हा कळले.

रस्ता एकेरी असेल तर?

फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता ही एकेरीची जोडी सगळ्यांना माहीत आहे. मोटारीला वळसा म्हणजे दोन मिनिटं, सायकलला घाम. म्हणून एकेरी रस्त्यावर सायकलला दोन्ही दिशांनी जाता यावं, पण त्यासाठी भक्कम अडसर हवाच, रंगाने होणार नाही. आणि गल्लीतून बाहेर येणारा चालक एकाच बाजूला मान वळवून बघतो, म्हणून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी फलक आणि ओलांडायची उचललेली जागा हवी. ट्रॅक फुटपाथच्या पातळीत असला की लोक त्यावर चालतात, हेही या भागात रोज दिसतं. लोकांवर रागावू नका. पायाला कळेल असा दोन-तीन इंचांचा फरक ठेवा.

अँब्युलन्स कशी जाणार?

तुंबलेल्या तीन पट्ट्यांतून आज जशी जाते तशीच, किंवा थोडी बरी. कडेला गाड्या उभ्या नसल्या तर बाकीच्यांना बाजूला सरकायला जागा राहते.

मग सगळ्याच रस्त्यांवर ट्रॅक हवेत का?

अजिबात नाही. पेठांमधल्या रस्त्यांवर ट्रॅक आखायला निघालेल्याला मी आधी चहा पाजते. तिथे हवा तो कमी वेग. गाडी ताशी ३० ऐवजी ५० ने आदळली तर टकरीतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते. जिथे वेग तिशीत ठेवता येतो तिथे सगळे एकत्र चालू शकतात. जिथे तो पन्नासच्या वर जातो आणि बस, ट्रक आहेत, तिथे वेगळं करा. मधल्या अठरा मीटरच्या रस्त्यांवर वाद होतात. अशा ठिकाणी मी फुटपाथ आधी नीट करते.

युरोपात चालतं. आपल्याकडे ऊन, धूळ, शिस्त नाही. इथे कसं चालेल?

नेदरलँड्स जन्मतः सायकलचा देश होता आणि तसाच राहिला, ही दंतकथा आहे. युद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली घटल्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसं मेली, त्यात चारशेवर मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. मग १९७३ चं तेलाचं संकट आलं. त्यानंतर सरकारने हेग आणि टिलबर्गमध्ये एकेक देखणा नमुन्याचा मार्ग बांधला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या, पण शहरात एकूण फारसा फरक पडला नाही. पुढे डेल्फ्टमध्ये गल्लीबोळांसकट अख्खं जाळं जोडलं, तेव्हा आकडे हलले.

उन्हाबद्दल स्पेनमधलं सेव्हिल बघा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, आणि २००६ पर्यंत सायकलचा वाटा जेमतेम अर्धा टक्का. तिथे सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं जाळं वर्ष-दीड वर्षात, एका दमात बांधलं. उभ्या गाड्यांच्या हजारो जागा त्यासाठी काढल्या. काही वर्षांत वाटा सहा-सात टक्क्यांवर गेला. आपल्याकडे दर अर्थसंकल्पात एक तुकडा, तोही ज्या नगरसेवकाच्या प्रभागात निधी उरला असेल तिथे. पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा २०१७ मध्ये झाला, त्यात जाळ्याचा नकाशा आहे. तो ज्या क्रमाने बांधायला हवा त्या क्रमाने आपण बांधत नाही.

शिस्तीचं म्हणाल तर, पहाटे पाच वाजता पेपर टाकणारी मुलं, सहा वाजता ड्यूटी बदलणारे वॉचमन, आठ वाजता धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका आजही सायकलवर असतात, भर रस्त्यातून. सायकल चालवणारे इथे आहेतच. ते मीटिंगला येत नाहीत, एवढंच.

झाडं तोडावी लागतील का?

नाही. झाड आलं की ट्रॅकने वळसा घ्यायचा. हळुवार वळसा, काटकोनात नाही. आणि खोडाभोवती मीटरभर माती मोकळी ठेवायची. झाड काढायचं तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागतेच, पण सावली गेली तर एप्रिलमध्ये त्या ट्रॅकवर कोण येणार हा जास्त महत्त्वाचा मुद्दा आहे.

आमच्या रस्त्यावर काम होणार आहे. पथ विभागात ड्रॉइंग बघायला गेलो तर काय विचारू?

आधी रंगीत चित्र बाजूला ठेवा. त्यात नेहमी हसरं कुटुंब आणि तीन फुगे असतात. आडवा छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीत काय काय बसवलं आहे ते दाखवणारं ड्रॉइंग, मागा आणि ट्रॅकची मोकळी रुंदी विचारा. कर्ब, जाळी, खांब वगळून उरते ती. मग डीपी, चेंबर, झाडं कुठे आहेत ते प्रत्यक्ष मोजणीच्या नकाशावर दाखवायला सांगा. नकाशावर एकही डीपी नसेल तर मोजणी झालेली नाही. तुमच्या सोसायटीच्या गेटवर बोट ठेवा आणि तिथे कोण चढणार-उतरणार, ट्रॅक की गाडी, ते विचारा. बसस्टॉप बघा. उकरलं तर परत डांबर कोण करणार आणि झाडलोटीची जबाबदारी कुणाची हेही विचारा. ट्रॅकवर झाडूवाला गाडीने जाऊ शकत नाही, हाताने झाडावं लागतं आणि काचा तिथेच साठतात.

शेवटी ड्रॉइंगच्या उजव्या टोकाला जा, जिथे ट्रॅकची हिरवी रेघ संपते. इंजिनिअरला म्हणा, मी सायकलवर आहे, संध्याकाळचे सात वाजलेत, पाऊस आहे, आता कुठे जाऊ ते पेन्सिलने काढून दाखवा. पेन्सिल बरोबर न्या. त्यांच्याकडे नसते.